विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारी साधनं: किलोमीटर बिनधास्त घ्या, तास तपासून घ्या

दोन दूरच्या शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं डझनांनी आहेत. दोन्ही आकडे शेजारीशेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत येतात आणि गल्लत तिथेच होते. अंतराचा आकडा भूमितीतून येतो, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी बरोबर असतो. वेळेचा आकडा एका ढोबळ भागाकारातून येतो आणि लांबच्या मार्गांवर तो सहज एक-दोन तासांनी चुकतो. म्हणून या साधनांचं परीक्षण दोन भागांत करायला हवं. अंतरासाठी एक साधन पुरतं, वेळेसाठी मात्र दोन-तीन जागी डोकवावं लागतं.

आधी अंतर. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून (ग्रेट सर्कल) जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो, गोलावर दोरा ताणला की सरळ दिसतो. टोकियोचं हानेडा आणि लॉस एंजेलिस या विमानतळांमध्ये बृहद्वृत्तावरून सुमारे ८,८०० किमी अंतर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या रेषेवरून, म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता गेलं तर तेच अंतर सुमारे ९,३०० किमी होतं. एखादं साधन दुसऱ्या आकड्याच्या जवळपासचं काही दाखवत असेल तर ते तिथेच बंद करावं.

हा आकडा हाताने पडताळणंही सोपं आहे. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाची कोसाइन, या तिन्हींचा गुणाकार त्यात मिळवा. आलेल्या संख्येचा व्यस्त कोसाइन काढून त्याला १११.१९५ ने गुणा, की किलोमीटर मिळतात. हानेडाचे अक्षांश-रेखांश ३५.५५ आणि १३९.७८, लॉस एंजेलिसचे ३३.९४ आणि उणे ११८.४१. व्यस्त कोसाइन ७९.२६ अंश येतो आणि उत्तर सुमारे ८,८१३ किमी. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायला विसरू नका. इथे ११८.४१ चं उणे चिन्ह सुटलं, तर अख्खा पॅसिफिक महासागर दोन हजार किलोमीटरच्या आत बसतो. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तर उत्तर इतकं विचित्र येतं की चूक निदान लगेच लक्षात येते. चिन्हाची चूक तशी डोळ्यांत भरत नाही.

हे गणित पृथ्वीला ६,३७१ किमी सरासरी त्रिज्येचा अचूक गोल मानतं. प्रत्यक्षात विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८.१३७ किमी आणि ध्रुवांकडे ६,३५६.७५२ किमी आहे. त्यामुळे गोलाच्या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. हानेडा ते लॉस एंजेलिस लंबगोलाच्या सूत्राने ८,८३० किमीच्या घरात जातं. सतरा-अठरा किलोमीटरचा हा फरक विमानाला मिनिटभर पुरतो. तेव्हा एक संकेतस्थळ ८,८१३ आणि दुसरं ८,८३० सांगत असेल तर दोन्ही बरोबर आहेत. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे दाखवणारं साधन अधिक अचूक असतं, असंही काही नाही.

लंबगोलासाठी बरीच साधनं विन्सेंटी यांचं १९७५ चं सूत्र वापरतात. सूत्र चांगलं आहे, पण पृथ्वीच्या जवळजवळ बरोबर विरुद्ध बाजूंना असलेल्या ठिकाणांसाठी त्याचं उत्तर स्थिरावत नाही. तिथे रिकामी चौकट किंवा चूक झाल्याचा संदेश दिसला तर कारण बहुधा हेच असतं. कार्नी यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने हा अडथळा दूर झाला. अशा जोड्यांचा नकाशावरचा मार्ग मात्र मनावर घेऊ नका. टोकाचा बिंदू थोडा सरकवला की रेषा पूर्वेऐवजी पश्चिमेने किंवा थेट ध्रुवावरून जाऊ लागते, कारण सगळ्या बाजूंनी अंतर जवळपास सारखंच असतं. आणखी एक झटपट कसोटी म्हणजे पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधलं अंतर सुमारे २०,०१५ किमीपेक्षा जास्त असू शकत नाही. त्याहून मोठा आकडा दिसला तर साधन मोडकं आहे किंवा ते मध्ये कुठेतरी थांबा धरतंय.

अंतरासाठी आमची पसंती ग्रेट सर्कल मॅपरला. दिसायला जुनाट आहे, पण काम चोख करतं. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये संयोगचिन्ह देऊन लिहायचे, की नकाशा आणि अंतर दोन्ही मिळतात. थांब्यांसह मार्ग हवा असेल तर कोड ओळीने जोडत जायचं; प्रत्येक टप्पा वेगळा आणि एकूण बेरीज खाली येते. एखाद्या विमानतळाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ काढता येतं, त्यामुळे अमुक पल्ल्याचं विमान कुठवर पोहोचेल हे एका नजरेत कळतं. गुगल मॅप्समध्ये उजवं बटण दाबून अंतर मोजण्याची सोय आहे आणि गुगल अर्थमध्ये पट्टी आहे. दोन्ही ठीक आहेत, पण बिंदू आपणच ठेवायचा असल्यामुळे तो शहराच्या मध्यावर पडतो आणि मोठ्या शहरांचे विमानतळ तिथून तीस-चाळीस, कधी साठ किलोमीटर लांब असतात.

कोडचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. नुसतं शहराचं नाव टाकलं की साधन स्वतःच्या अंदाजाने शहर निवडतं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होझे कॅलिफोर्नियात आणि कोस्टा रिकात, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामात, सॅंटियागो चिलीत, स्पेनमध्ये आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो अशा एकाहून अधिक विमानतळ असलेल्या शहरांचा समाईक कोड टाकला, तर साधन नेमका कोणता बिंदू धरतं हे बहुतेक वेळा सांगत नाही.

एककांचा घोळ याहून महागात पडतो. सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर, साधा मैल १,६०९.३४४ मीटर. विमानांचे पल्ले सागरी मैलांत छापतात, प्रवाशांसाठीची संकेतस्थळं बऱ्याचदा साध्या मैलांत बोलतात आणि दोन्हीकडे लिहिलेलं असतं फक्त ‘मैल’. ५,००० सागरी मैल म्हणजे ९,२६० किमी आणि ५,००० साधे मैल म्हणजे ८,०४७ किमी. हा फरक हवेत सव्वा तासाहून जास्त होतो.

प्रवाशाला हवेतलं अंतर अगदी नेमकं लागतं अशी एक जागा आहे, ती म्हणजे भरपाई. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात विलंबाच्या भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किमीवर बदलतात आणि अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. एकाच आरक्षणावर जोडउड्डाण असेल तर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं थेट अंतर धरतात, टप्प्यांची बेरीज नाही. आपला मार्ग या सीमांच्या आसपास असेल तर कोड टाकून, लंबगोलाच्या सूत्राने काढलेला आकडाच दाव्यात द्यावा.

आता वेळ. इथे बहुतेक साधनं नापास होतात, कारण सगळ्यांचा पाया एकच आहे: अंतराला ताशी सुमारे ८०५ किमीने, म्हणजे ५०० मैलांनी भागायचं आणि उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवायचा. हे सूत्र चार मार्गांवर लावून पाहा.

लंडन हीथ्रो ते पॅरिस शार्ल द गॉल, सुमारे ३५० किमी. सूत्र म्हणतं ५६ मिनिटं, वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडं जास्त असतं. लंडन ते न्यूयॉर्क, सुमारे ५,५५० किमी. सूत्र दोन्ही दिशांना ७ तास २४ मिनिटं देतं, वेळापत्रकात पश्चिमेकडे जाताना आठ तासांच्या आसपास आणि परत येताना सात तासांच्या आसपास. न्यूयॉर्क ते सिंगापूर, १५,३४९ किमी. सूत्राने १९ तास ३४ मिनिटं, प्रत्यक्ष वेळापत्रक पावणेएकोणीस तासांच्या आगेमागे. आणि हेलसिंकी ते टोकियो, सुमारे ७,८०० किमी. सूत्र १० तास ११ मिनिटं सांगतं, पण २०२२ पासून हे उड्डाण सुमारे तेरा तास घेतं. जवळच्या मार्गावर सूत्र कमी सांगतं, फार लांबच्या मार्गावर जास्त सांगतं, अटलांटिकवर दिशाच ओळखत नाही आणि चौथ्या ठिकाणी तर पार कोलमडतं. प्रत्येक चुकीचं कारण वेगळं आहे.

पहिल्या दोन प्रकारच्या चुका वेगामुळे होतात. लांब पल्ल्याची आधुनिक विमानं स्थिर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवर उणे ५६ अंश तापमानात ते ताशी ९०० किमीच्या थोडं वर होतं. छोट्या पल्ल्याची, आसनांच्या रांगांमध्ये एकच वाट असलेली विमानं ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ८३० किमी. पण चढताना आणि उतरताना हा वेग नसतो. अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. ३५,००० फुटांवरून उतरायला विमान विमानतळाच्या साधारण १९५ किमी अलीकडेच सुरुवात करतं. लंडन-पॅरिससारख्या उड्डाणात स्थिर उंचीवरचा वेळ जवळपास नसतोच. पंधरा हजार किलोमीटरमध्ये चढ-उतार नगण्य होतात आणि ८०५ चा भाजक फार लहान ठरतो.

अटलांटिकची गोष्ट वाऱ्याची. मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. हिवाळ्यात ती जास्त जोरात असते आणि तिच्या गाभ्यातला वेग कधी कधी ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ ने न्यूयॉर्क-लंडन अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापलं. परिणाम मोजायचा तर ८,८०० किमीचा मार्ग घ्या. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि पूर्ण मार्गावर सरासरी १०० किमीचा वारा. वारा पाठीशी असेल तर ८ तास ४८ मिनिटं, समोरून असेल तर ११ तास. जाण्यायेण्याची सरासरी ९ तास ५४ मिनिटं येते, तर वारा नसताना ९ तास ४७ मिनिटं लागली असती. समोरचा वारा जितका वेळ खातो तितका पाठीमागचा वारा परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं. टोकियोहून लॉस एंजेलिसला सुमारे दहा तास आणि उलट दिशेने साडेअकरा-बारा तास हे वेळापत्रकातले आकडे याच्याशी जुळतात. पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणं लवकर होतं, हा समज अजूनही ऐकू येतो. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो फायदा नाहीच. फरक पडतो तो फक्त जमिनीच्या तुलनेत हवा कशी वाहते याने. म्हणून जाण्यायेण्याचा एकच वेळ दाखवणारं साधन पूर्व-पश्चिम मार्गांसाठी कामाचं नाही.

उत्तर अटलांटिकवर तर मार्गच रोज वाऱ्याप्रमाणे आखले जातात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळे. वैमानिक बृहद्वृत्त सोडून शेकडो किलोमीटर बाजूने जातो आणि तरी लवकर पोहोचतो. अंतर वाढतं आणि वेळ घटतो, हे भागाकाराच्या सूत्राला कधीच समजणार नाही.

हेलसिंकी-टोकियोचं उत्तर राजकीय आहे. २०२२ च्या सुरुवातीला अनेक युरोपीय विमानकंपन्यांसाठी रशियाचं आकाश बंद झालं आणि नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घेत तेरा तासांवर गेलं. आकाश कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद हे कंपनीच्या देशावर ठरतं, त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे वेळ दोन-तीन तासांनी वेगळे असू शकतात. दक्षिण गोलार्धात असा वळसा वेगळ्या कारणाने पडतो. सॅंटियागो-सिडनीचं बृहद्वृत्त, सुमारे ११,३४० किमी, अंटार्क्टिकाच्या दिशेने खोल खाली जातं. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ लागतो आणि त्या भागात तसे विमानतळ फारच थोडे आहेत.

तेव्हा वेळेसाठी वेळापत्रक पाहा. गुगल फ्लाइट्सवर विनाथांबा उड्डाणं गाळून घ्या, दोन्ही दिशा तपासा आणि जमल्यास एक तारीख जानेवारीची, एक जुलैची टाका. इथला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा, म्हणजे ब्लॉक टाइम असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेट गाठणं हे सगळं येतं. मोठ्या विमानतळांवर दोन्हीकडची बेरीज अर्धा-पाऊण तास होऊ शकते. शिवाय वक्तशीरपणाचे आकडे सांभाळण्यासाठी कंपन्या त्यात थोडी मोकळीक धरतात. उड्डाण अर्धा तास ‘लवकर’ पोहोचलं की पुष्कळदा त्यामागे हीच मोकळीक असते.

ती मोकळीक सोलून खरा आकडा हवा असेल तर फ्लाइटअवेअर. उड्डाण क्रमांक टाकला की गेट सोडल्याची, धावपट्टी सोडल्याची, उतरल्याची आणि गेटवर थांबल्याची वेळ वेगवेगळी दिसते. थेट अंतर, ठरवलेला मार्ग आणि प्रत्यक्ष कापलेलं अंतर यांची तुलनाही करता येते. एका दिवसाचा आकडा उचलू नका. मागच्या काही दिवसांचे पाहून मधला घ्या. फ्लाइटरडार२४ वर मार्ग नकाशावर पाहणं अधिक सुखद आहे, पण समुद्रावर जिथे जमिनीवरचे रिसीव्हर पोहोचत नाहीत तिथली तुटक रेषा अंदाजाची असते. त्या रेषेवरून प्रत्यक्ष अंतर मोजायला जाऊ नये.

घड्याळावरून वेळ काढताना होणारी चूक मात्र कोणत्याही साधनाच्या माथी मारता येणार नाही. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदला, मग वजाबाकी करा. टोकियोहून संध्याकाळी ५ ला सुटून लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला पोहोचणारं उड्डाण घ्या. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे, म्हणून सुटण्याची वेळ ०८:००. लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणून पोहोचण्याची १८:००. प्रवास दहा तासांचा. इथे उन्हाळी घड्याळाचे सात तास धरले तर उत्तर नऊ येतं. हा घोळ मार्चमध्ये सर्वांत जास्त होतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा फरक असतो. पूर्ण तासांत न बसणारे प्रमाणवेळेचे फरक, जसे भारताचे साडेपाच किंवा नेपाळचे पावणेसहा तास, काही जुनी साधनं अजूनही गोल करून टाकतात.

राहिल्या त्या जोड्या, ज्यांच्यात विनाथांबा उड्डाणच नाही. ब्यूनस आयर्स ते टोकियो सुमारे १८,३५० किमी. सूत्र सव्वातेवीस तास दाखवतं, पण असं उड्डाण अस्तित्वात नाही आणि थांबा धरून प्रवास एका दिवसाहून लांब होतो. इथे ‘उड्डाणवेळ’ छापणारं साधन प्रवाशाची दिशाभूल करतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याने निदान थांब्याशिवाय सेवा नाही एवढं तरी लिहावं. अशा जोडीसाठी थांब्याचं शहर निवडताना ग्रेट सर्कल मॅपर पुन्हा उघडा आणि वळसा किती पडतो ते पाहा. लंडन-सिडनी थेट सुमारे १७,०२० किमी आहे. सिंगापूरमार्गे १०,८८० आणि ६,२९० मिळून १७,१७० होतं, म्हणजे वळसा फक्त १५० किमीचा. थांब्याची खरी किंमत किलोमीटरमध्ये नसतेच. एक जादा उतरणं, एक जादा चढणं आणि दोन्ही गेटांपर्यंतची जमिनीवरची ये-जा यांत साधारण तासभर जातो, त्यावर थांब्याचे तास वेगळे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर जोडणी चुकल्यास पुढचं उड्डाण सहसा कंपनी देते. तिकिटं वेगळी असतील तर सामान पुन्हा घेऊन पुन्हा देण्याचा वेळही धरा, आणि पहिल्या टप्प्यासाठी वेळापत्रकातला आकडा न घेता त्या उड्डाणाच्या मागच्या काही दिवसांतला सर्वांत उशिराचा आकडा धरून दोन उड्डाणांच्या मधला वेळ ठेवा.